फिक्सेटिव्ह कसे निवडावे आणि कसे वापरावे: चारकोलच्या चित्रापासून कांद्याच्या मुळापर्यंत

चारकोलच्या चित्रावरची पूड कागदाला धरून राहावी म्हणून त्यावर फवारतात तो द्रव आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची ऊती कुजू नये म्हणून तिला ज्यात बुडवतात तो द्रव, या दोहोंना फिक्सेटिव्ह, म्हणजेच स्थिरक, म्हणतात. दोहोंची रसायने वेगळी आणि कामाच्या पद्धतीही वेगळ्या. तरी वापरणाऱ्याने आधी स्वतःला विचारायचा प्रश्न एकच आहे: या वस्तूतले नेमके काय राखायचे आहे? कारण प्रत्येक स्थिरक एक गोष्ट राखताना दुसरी घालवतो. पेस्टलची पूड धरून ठेवणारी राळ त्याच पेस्टलचा उजळपणा कमी करते. पेशींची रचना टिकवणारे फॉर्मॅलिन त्याच पेशींमधील डीएनएचे तुकडे करते. हा व्यवहार ठाऊक नसेल, तर महागातली बाटली आणूनही काम बिघडते. पुढील माहिती नाशिकचे कलाविद्यार्थी, विज्ञानाचे विद्यार्थी आणि शिक्षक यांना प्रत्यक्षात करावी लागणारी कामे आणि येथील हवामान डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे.

चारकोल, पेन्सिल आणि पेस्टल

गोदाघाटावर किंवा पांडवलेणीच्या पायथ्याशी बसून चारकोलने रेखाटन करावे आणि वही मिटून घरी आणावी, तर बराचसा काळा भाग समोरच्या पानावर उतरलेला असतो. चारकोलमध्ये बंधक द्रव्य जवळजवळ नसतेच. त्याचे कण कागदाच्या दाण्यात नुसते अडकून बसतात. सॉफ्ट पेस्टलमध्ये डिंक असतो, पण अगदी थोडा. जलरंगात मात्र अरबी डिंक पुरेसा असतो, म्हणून जलरंगाच्या चित्राला फिक्सेटिव्हची गरज नसते. तैलखडूचे, म्हणजे ऑइल पेस्टलचे, तेल सुकतच नाही. त्यावर नेहमीचा फिक्सेटिव्ह मारून उपयोग होत नाही आणि ते चित्र काचेमागे ठेवणे हाच खरा उपाय असतो. पेन्सिलीच्या कामात ६बी, ८बी यांसारख्या मऊ शिसांना हलका थर पुरतो; एचबीने केलेल्या रेखाटनाला तो बहुधा लागत नाही.

बाजारात मिळणारा फवारा म्हणजे अल्कोहोल किंवा तत्सम द्रावकात विरघळवलेली थोडी राळ. द्रावक उडून जातो आणि राळेचा अतिशय पातळ थर कणांना एकमेकांशी व कागदाशी जोडतो. या फवाऱ्याचे दोन प्रकार असतात. वर्केबल प्रकार मारल्यानंतर चित्रावर पुन्हा काम करता येते, कारण त्याने कागदाचा दाणा बुजत नाही, उलट थोडी खरखर परत मिळते. फायनल प्रकार शेवटचा असतो आणि त्यावर खडू नीट बसत नाही. एकच डबा घ्यायचा असेल, तर विद्यार्थ्याने वर्केबल घ्यावा.

फवाऱ्याने रंग गडद का होतो, हे समजले की तो कुठे वापरू नये हेही कळते. कोरड्या पेस्टलच्या कणांमध्ये हवा असते. प्रकाश हवेतून कणात शिरताना आणि बाहेर पडताना विखुरतो, आणि त्यामुळे रंग उजळ, मखमली दिसतो. फिक्सेटिव्ह या हवेची जागा घेतो. राळ आणि खडूची पांढरी भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, जवळपास सारखा असल्याने प्रकाशाचे विखुरणे कमी होते आणि पांढरा खडू जवळजवळ दिसेनासा होतो. टायटॅनियमच्या पांढऱ्याचा अपवर्तनांक बराच जास्त असल्यामुळे तो अधिक तग धरतो. म्हणून पेस्टलच्या चित्रात खालचे थर फवारून पक्के करावेत. शेवटचे उजळ हात, पाण्यावरची चमक किंवा देवळाच्या कळसावरचे ऊन फवारा सुकल्यानंतर द्यावे आणि तो शेवटचा थर तसाच ठेवावा. असे चित्र काचेला टेकणार नाही इतके अंतर राखणारा माउंट घालून चौकटीत बसवले, तर ते फवाऱ्यावाचून सुरक्षित राहते. माझे स्पष्ट मत असे की चांगल्या पेस्टलवर शेवटचा जाड फवारा मारणे म्हणजे त्या माध्यमाचा सर्वांत मोठा गुण स्वतःच्या हाताने घालवणे होय.

फवारण्याची रीत अशी आहे. चित्राचा बोर्ड किंचित तिरपा धरून मागून हलकी टिचकी मारावी, म्हणजे सुटी पूड खाली पडते. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा एक थेंबही डाग पाडतो. त्याच कागदाच्या तुकड्यावर तेच रंग घासून आधी चाचणी घ्यावी. डबा मिनिटभर नीट हलवावा आणि बोर्ड उभा किंवा थोडा कललेला ठेवून सुमारे ३० सेंटिमीटरवरून फवारावे. फवारा कागदाच्या बाहेर सुरू करून आडवा पुढे न्यावा आणि दुसऱ्या कडेच्या बाहेर थांबवावा, कारण सुरू करताना आणि थांबवताना तोंडातून मोठे थेंब पडतात आणि ते चित्रावर पडता कामा नयेत. एक पातळ थर दिल्यावर १० ते १५ मिनिटे थांबावे, मग बोर्ड चौथाई फिरवून दुसरा थर द्यावा. कागद ओला, चमकदार दिसू लागला, तर थर जास्त झाला असे समजावे. काम संपल्यावर डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत क्षणभर दाबावा, म्हणजे तोंड राळेने बंद होत नाही.

नाशिकमध्ये जुलै-ऑगस्टच्या झडीत फवारताना एक अडचण हमखास येते. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतील बाष्प त्यावर बसते आणि राळ पांढुरकी, धुरकट होऊन सुकते. काळ्या चारकोलवर हा दोष फार उठून दिसतो. पावसाळ्यात कागद आधी कोरड्या खोलीत ठेवावा, पावसाला उघडीप असलेली दुपार निवडावी आणि थर नेहमीपेक्षा पातळ द्यावेत. एप्रिल-मेमध्ये धोका दुसरा असतो: डब्यातील वायू ज्वलनशील असतो आणि डबा ५० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापू देऊ नये असा इशारा त्यावरच छापलेला असतो. स्केचिंगला जाताना तो बंद गाडीत उन्हात ठेवून जाणे धोक्याचे आहे. फवारणी गच्चीवर किंवा मोकळ्या ओट्यावर करावी. गॅस, निरांजन किंवा उदबत्ती जवळ नसावी आणि वाऱ्याकडे पाठ असावी.

फवारा घरीही तयार करता येतो. पांढरी केलेली, मेण काढलेली लाख २ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये रात्रभर विरघळू द्यावी, द्रव गाळून घ्यावा आणि बारीक फवारा देणाऱ्या बाटलीतून मारावा. सुतार पॉलिशसाठी वापरतात ती तांबूस चपडा लाख स्वस्त असते, पण तिने कागद पिवळसर होतो. सरावाच्या चित्रांपुरती ती चालेल. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते, त्यामुळे दोन नळ्यांचा जुना, तोंडाने फुंकायचा फवारा या द्रवासाठी वापरू नये. साय काढलेल्या दुधाचाही उपयोग होतो. त्यातील केसीन बंधकाचे काम करते आणि व्हिन्सेंट व्हॅन गॉगने आपली रेखाटने दुधाने पक्की केल्याचे त्याच्या पत्रांतून कळते. आपल्या दमट पावसाळ्यात मात्र दुधाच्या थरावर बुरशी येण्याची आणि झुरळांनी कागद कुरतडण्याची भीती असते, म्हणून जपून ठेवायच्या चित्रावर ते नको. केसांचा स्प्रे अनेक विद्यार्थी वापरतात. तो वर्षानुवर्षे टिकावा म्हणून बनवलेलाच नसतो. तो पिवळा पडतो, चिकट राहतो आणि धूळ ओढतो. परीक्षेचे काम द्यायचे आहे आणि हाताशी दुसरे काही नाही, एवढ्यापुरताच तो क्षम्य आहे.

कांद्याचे मूळ, द्राक्षाचे पान

सजीव ऊती कापून बाजूला काढली की तिच्यातील विकरे, म्हणजे एन्झाइम, तिचेच विघटन सुरू करतात आणि पाठोपाठ जीवाणू येतात. स्थिरकाचे काम ही प्रक्रिया तत्काळ थांबवण्याचे असते. अल्कोहोल प्रथिनांतील पाणी ओढून घेऊन त्यांना गोठवते. फॉर्मॅल्डिहाइड प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये रासायनिक पूल बांधते. ॲसिटिक आम्ल केंद्रकातील द्रव्य चटकन गोठवते आणि ऊती थोडी फुगवते. अल्कोहोलने ऊती आक्रसते, म्हणून अनेक मिश्रणांत ही दोन्ही एकत्र घालतात आणि एकाचा दोष दुसऱ्याने भरून काढतात.

गुणसूत्रे पाहण्यासाठी कांद्याइतकी सोयीची वस्तू नाही आणि नाशिक जिल्ह्यात तिची वाण कधीच पडत नाही. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात आणि ती मोठी असल्यामुळे महाविद्यालयातील साध्या सूक्ष्मदर्शकातही स्पष्ट दिसतात. चाळीत काही महिने राहिलेला, सुप्तावस्था संपत आलेला उन्हाळ कांदा निवडावा. नुकत्याच काढलेल्या कांद्याला मुळे फुटायला वेळ लागतो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानावर २००२ मध्ये विकिरण केंद्र सुरू झाले. तेथे विकिरण दिलेला कांदा या कामी घेऊ नये, कारण कोंबातील पेशींची वाढ थांबवणे हाच त्या विकिरणाचा हेतू असतो. कांद्याच्या बुडाला असलेली जुनी वाळकी मुळे बुडाला इजा न करता ब्लेडने खरवडावीत आणि बूड पाण्याला जेमतेम टेकेल असा कांदा ग्लासावर ठेवावा. पाणी रोज बदलावे. दोन-चार दिवसांत मुळे एक-दोन सेंटिमीटर वाढली की सकाळी त्यांची टोके कापून लगेच स्थिरकात टाकावीत.

येथे स्थिरक म्हणून ३ भाग शुद्ध इथेनॉल आणि १ भाग ग्लेशियल, म्हणजे पाणी न मिसळलेले, ॲसिटिक आम्ल घ्यावे. मिश्रण त्याच दिवशी करावे. ते ठेवले तर अल्कोहोल आणि आम्ल यांची आपसात अभिक्रिया होऊन एस्टर तयार होते आणि स्थिरकाचा जोर जातो. मुळे त्यात २४ तास राहू द्यावीत, नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून फ्रिजमध्ये ठेवावीत; तेथे ती बरेच दिवस चांगली राहतात आणि एका सकाळी केलेली कापणी अनेक तासिकांना पुरते. पाहायच्या वेळी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेल्या १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ५ ते १० मिनिटे ठेवून मूळ मऊ करावे, पाण्याने धुवावे, शेवटचे एक-दोन मिलिमीटर टोक काचपट्टीवर घेऊन त्यावर ॲसिटोकार्मिनचा, म्हणजे गुणसूत्रे रंगवणाऱ्या लाल रंगाचा, थेंब टाकावा आणि आच्छादन काच ठेवून टिपकागदाखाली अंगठ्याने सरळ दाबावे. अंगठा आडवा सरकला, तर पेशी गुंडाळल्या जातात आणि तयारी वाया जाते.

येथे फॉर्मॅलिन का चालत नाही, हे अनेक विद्यार्थी विचारतात. फॉर्मॅलिनचे पूल ऊतीला इतकी घट्ट बांधतात की दाबल्यावर पेशी एकमेकींपासून सुटत नाहीत. उलट, पानाचा किंवा खोडाचा पातळ छेद घ्यायचा असेल, तेव्हा हाच घट्टपणा हवा असतो. डावणी किंवा भुरी पडलेल्या द्राक्षपानाची अंतर्रचना पाहायची असल्यास ७० टक्के इथेनॉल ९० मिलिलिटर, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ५ मिलिलिटर आणि फॉर्मॅलिन ५ मिलिलिटर असे मिश्रण करावे. पानाचे ५ मिलिमीटरचे तुकडे त्यात किमान २४ तास ठेवावेत. कित्येक महिने राहिले तरी बिघडत नाहीत. पानावरील लव आणि मेण यांत हवा अडकल्याने तुकडे तरंगतात आणि आत द्रव शिरत नाही. अशा वेळी तुकडे व द्रव सुई नसलेल्या सिरिंजमध्ये घेऊन, हातमोजा घातलेल्या बोटाने तोंड बंद करून दट्ट्या मागे ओढावा. हवेचे बुडबुडे निघून जातात आणि तुकडे खाली बसतात. अल्कोहोलमध्ये हरितद्रव्य विरघळते, म्हणून पान काही वेळाने फिके पडते. रोगाच्या डागांचा रंग नोंदवायचा असेल, तर आधी छायाचित्र घ्यावे. त्याच पानातून डीएनए काढायचा असेल, तर यांपैकी कोणताही द्रव वापरू नये. पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये झटपट वाळवावा.

फॉर्मॅलिन

फॉर्मॅल्डिहाइडचा स्थिरक म्हणून उपयोग फर्डिनांड ब्लुम याने १८९३ मध्ये प्रसिद्ध केला. आजही रुग्णालयांच्या विकृतिशास्त्र विभागांत बहुतेक नमुने त्यातच येतात. फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात ३७ ते ४० टक्के फॉर्मॅल्डिहाइड. ‘१० टक्के फॉर्मॅलिन’ म्हणजे एक भाग हे द्रावण आणि नऊ भाग पाणी, अर्थात त्यात फॉर्मॅल्डिहाइड सुमारे ४ टक्केच असते. या एका गैरसमजातून द्रावण चुकीच्या तीव्रतेचे तयार होते. बफर, म्हणजे आम्लता स्थिर राखणारे क्षार, घातलेले द्रावण करण्यासाठी १०० मिलिलिटर फॉर्मॅलिन, ९०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घ्यावे. बफर नसेल, तर द्रावण हळूहळू आम्लधर्मी होते आणि रक्त असलेल्या ऊतीत तपकिरी-काळे कण तयार होतात. नवखा पाहणारा त्यांना रोगाचे लक्षण समजू शकतो.

ऊतीचा तुकडा ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा, द्रव तुकड्याच्या १० ते २० पट असावा आणि लहान तुकड्यांना साधारण ६ ते ४८ तास द्यावेत. द्रव बाहेरून आत हळूहळू जातो. अख्खा अवयव न कापता बाटलीत टाकला, तर बाहेरून तो टणक होतो आणि आतून सडतो. निफाडकडे थंडीत पारा फार खाली जातो, तेव्हा फॉर्मॅलिनच्या बाटलीत पांढरा साका दिसतो. तो पॅराफॉर्मॅल्डिहाइडचा असतो. साका धरलेल्या बाटलीची तीव्रता भरवशाची राहत नाही, म्हणून ती मोजून करायच्या द्रावणासाठी घेऊ नये.

फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य म्हणून आंतरराष्ट्रीय पातळीवर वर्गीकृत आहे. शाळेत ते वापरूच नये, असे मला वाटते. महाविद्यालयातही धूरकपाट (वाफा बाहेर ओढणारे कपाट), नायट्राइलचे हातमोजे आणि संरक्षक चष्मा यांशिवाय बाटली उघडू नये. डोळ्यात थेंब गेल्यास वाहत्या पाण्याने १५ मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली त्याच्या शेजारी ठेवू नये. दोहोंच्या वाफांपासून अधिक घातक संयुग तयार होऊ शकते.

रक्त, पाणी, छायाचित्र आणि रेशीम

रक्ताचा लेप हवेत वाळवून १ ते ३ मिनिटे मिथेनॉलमध्ये बुडवतात. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि ओलसर मिथेनॉलमुळे तांबड्या पेशींत चमकदार ठिपके दिसतात, म्हणून पावसाळ्यात बाटलीचे झाकण क्षणभरही उघडे ठेवू नये. गर्भाशयमुखाच्या पॅप तपासणीचा लेप मात्र वाळू न देता, ओला असतानाच ९५ टक्के इथेनॉलमध्ये घालावा लागतो; वाळल्यास पेशी पसरट होतात आणि केंद्रकाचे बारकावे जातात.

गोदावरीच्या किंवा नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यातील प्लवक तपासताना लुगॉलचे आयोडीन सोयीचे पडते. १० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवून त्यात ५ ग्रॅम आयोडीन घालावे आणि पाणी घालून १०० मिलिलिटर करावे. नमुन्यात ते थेंब थेंब घालत फिक्या चहाचा रंग येईपर्यंत थांबावे. यात शैवालांच्या कशाभिका, म्हणजे पोहण्याचे चाबकासारखे धागे, फॉर्मॅलिनपेक्षा चांगल्या टिकतात, पण त्यांचा मूळ रंग झाकला जातो. नमुना गडद बाटलीत ठेवावा आणि रंग उडाला की पुन्हा दोन थेंब घालावेत. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तेथून नमुना घेण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी.

छायाचित्रणातील हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, काही चिकटवत नाही. ज्या चांदीच्या क्षारांवर प्रकाश पडला नाही, ते तो विरघळवून काढून टाकतो, आणि मग फिल्म उजेडात आणता येते. हा गुण जॉन हर्शेलने १८१९ मध्ये नोंदवला आणि १८३९ मध्ये तो छायाचित्रांसाठी कामी आला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ज्या छायाचित्रणाच्या व्यवसायात होते, तोही याच रसायनावर उभा होता. फिल्म हायपोत टाकल्यावर तिचा दुधीपणा जायला जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ ती त्यात ठेवावी आणि मग वाहत्या पाण्यात भरपूर धुवावी. हायपो मागे राहिला, तर प्रतिमा काही वर्षांत पिवळी पडते.

नैसर्गिक रंगाने रेशीम रंगवायचे असेल, तर रंगापूर्वी कोरड्या धाग्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के तुरटी कोमट पाण्यात विरघळवून धागा त्यात तासभर भिजवावा. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला बांधून घेते. येवल्याच्या पैठणीसारख्या रेशमाची चकाकी राखायची असल्यास पाणी उकळू देऊ नये. सुताला तुरटी नीट लागत नाही, म्हणून त्याला आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. रंग सोडणारे तयार कापड मिठाच्या पाण्यात भिजवण्याचा घरगुती उपाय मात्र भरवशाचा नाही.

बाटल्यांवरील नोंद आणि उरलेला द्रव

प्रत्येक बाटलीवर स्थिरकाचे नाव, तीव्रता, नमुना कोठून आणि केव्हा घेतला हे लिहावे, आणि हीच माहिती जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आत टाकावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, पेन्सिल विरघळत नाही. वापरलेले फॉर्मॅलिन आणि चांदी उतरलेला हायपो मोरीत किंवा नाल्यात ओतू नये, कारण नाशिकचे नाले अखेर गोदावरीलाच मिळतात. दोन्ही वेगवेगळ्या, घट्ट झाकणाच्या बाटल्यांत साठवून संस्थेमार्फत घातक कचरा हाताळण्याची अधिकृत परवानगी असलेल्या यंत्रणेकडे द्यावेत.